शाळेतले मूल आणि तीन पुस्तके

सरकारी अहवाल हा वाङ्मयविचाराचा विषय होऊ शकतो, असे आपल्याकडे सहसा कोणी मानीत नाही. अहवाल आकड्यांसाठी चाळावा, त्यातील शिफारशींवर एखादे व्याख्यान द्यावे आणि मग तो ग्रंथालयाच्या मागील कपाटात जाऊ द्यावा, असाच रिवाज आहे. वस्तुतः अहवालालाही नायक असतो, कथानक असते. आणि लिहिणाऱ्याने काय पाहिले व कशाकडे पाठ फिरवली हे शोधणे, कादंबरीच्या बाबतीत जितके अगत्याचे तितकेच येथेही अगत्याचे आहे. १९४४ साली, महायुद्ध ऐन भरात असता, हिंदुस्थान सरकारचे शिक्षणविषयक सल्लागार जॉन सार्जंट यांच्या नावाने ओळखला जाणारा युद्धोत्तर शिक्षणविकासाचा अहवाल प्रसिद्ध झाला. शाळेतील मुलाच्या आरोग्याला त्यात स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. त्या प्रकरणाच्या शेजारी मी दोन पुस्तके ठेवू इच्छितो. एक, औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक. लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादिलेले हे पुस्तक १९३८ साली 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' या नावाने प्रसिद्ध झाले. दुसरे, व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची 'बनगरवाडी'. एक राजाचे, एक साहेबाचे आणि एक माणदेशातल्या लेखकाचे. तरी तिन्ही पुस्तके साताऱ्याच्या उजाड पूर्वभागातल्या एकाच मुलापाशी येऊन मिळतात. ते मूल शाळेत येते, पाटीवर अक्षर काढते. त्याच्या अंगावर खरूज आहे, पोटात जंत आहेत आणि डोळ्यांत बहुधा खुपऱ्या आहेत. कोणत्या पुस्तकाला ते दिसले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम मुलुखाची ओळख करून देणे अवश्य आहे, कारण आजच्या वाचकाच्या मनात सातारा व सांगली हे दोन सरळ जिल्हे असतात. युद्धकाळी तसे नव्हते. वाळवे, तासगाव, खानापूर, शिराळे हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. त्यांतून दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. सांगली, मिरज, औंध, फलटण, जत ही संस्थाने या जिल्ह्याच्या आतबाहेर ठिगळांसारखी पसरलेली होती. औंधचे संस्थान तर ७२ खेड्यांचे, आणि तीही एका जागी नव्हती: औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. ज्या किर्लोस्करवाडीहून निघणारी मासिके मराठी मध्यमवर्गाच्या घरोघरी जात, ती वाडीही औंधच्याच हद्दीतली. एखादे पोर मामाच्या गावी निघाले, तर वाटेत दोन राज्यकर्ते बदलत. त्याच्या शाळेचा मालक एक, त्याच्या दवाखान्याचा दुसरा. इंग्रजी मुलुखात तरी काय होते? प्राथमिक शाळा जिल्हा स्कूलबोर्डाकडे आणि तालुक्याचा दवाखाना लोकलबोर्डाकडे. शाळा आणि औषध यांची गाठ पडण्यास कचेरीच्या रचनेतच अडथळा होता.

आता सार्जंटच्या प्रकरणाकडे वळू. त्यात म्हटले आहे ते थोडक्यात असे: मुलाची सहाव्या, अकराव्या आणि चौदाव्या वर्षी नीट वैद्यकीय तपासणी व्हावी; दोष आढळल्यास त्याचा उपचार होतो की नाही हे पाहिले जावे; किरकोळ दुखण्यांसाठी शाळांचीच चिकित्सालये असावीत. वाचताना मनाला बरे वाटते. तपासणी आणि उपचार यांची फारकत करू नये, हे मर्म या प्रकरणाने अचूक ओळखले आहे, आणि ही गोष्ट लहान नव्हे. आपल्याकडे शालेय तपासणीचा आरंभ १९०९ साली बडोदे शहरात झाला. त्यानंतर पस्तीस वर्षांत काही शहरांनी तिचे अनुकरण केले. पण डॉक्टराने मुलाला पाहून पत्रकात 'दात किडलेले, टॉन्सिल वाढलेले' असे लिहावे आणि ते पत्रक पालकाकडे धाडून सर्वांनी हात झटकावे, एवढ्यावरच बहुतेक ठिकाणी काम थांबे. १९४३ च्या ऑक्टोबरात नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली आपला निर्णय दिला तोही असाच, की शालेय आरोग्यसेवा नावाची वस्तू या देशात जवळजवळ नाही, आणि आहे तेथे ती अविकसित आहे.

मग सार्जंटच्या प्रकरणात खोट कोठे आहे? माझ्या मते त्याच्या कालगणनेत. इंग्लंडने युद्धापूर्वी जी पायरी गाठली होती, ती गाठण्यास हिंदुस्थानला चाळीस वर्षे लागतील असे अहवाल धरून चालतो. १९४४ साली पहिलीत असलेले मूल, योजना पुरी होईल तेव्हा पन्नाशीला टेकलेले असणार. ज्या मुलासाठी हे प्रकरण लिहिले, त्याला वगळूनच ते लिहिले गेले! शिवाय इंग्लंड ही मोजपट्टी घेताना इंग्लंड तेथवर कसे पोचले, याचा इतिहास मात्र अहवालाने आपल्या भूमीवर लावून पाहिला नाही. बोअर युद्धाच्या वेळी भरतीस आलेल्या इंग्रज तरुणांपैकी इतके निकामी ठरले, की राज्यकर्त्यांच्या पोटात गोळा उठला. १९०४ साली शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल आला. १९०६ साली शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला. १९०७ साली वैद्यकीय तपासणीचा झाला. दुसऱ्या महायुद्धात तर शहरांतली मुले खेड्यांत हलविली तेव्हा त्यांच्या डोक्यांतल्या उवा आणि अंगावरचे फोड सुखवस्तू घरांच्या दारात उभे राहिले, आणि शाळेतले दूध व जेवण यांचा व्याप युद्ध चालू असतानाच वाढला. म्हणजे तेथे मुलाच्या आरोग्याचा जन्म सैन्याच्या गरजेतून झाला. ही गोष्ट फारशी उदात्त नाही. परंतु ती घडली.

साताऱ्यात तीच गरज होती, मग तेच फळ का आले नाही? मराठा पलटणींना पिढ्यान् पिढ्या माणसे पुरविणारा हा जिल्हा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात आपले ४६ जवान गमावले आणि त्यांचे स्मारक गावात उभे आहे. या मुलुखात भरतीचा साहेब आला, की तरुणांची छाती फितीने मोजली जाई, दात पाहिले जात, डोळे तपासले जात, पायाचा तळवा सपाट आहे की काय हे पाहिले जाई. अशी कसून तपासणी त्या गावच्या माणसाच्या आयुष्यात एकदाच होई आणि ती त्याला रणांगणावर पाठविण्यापूर्वी होई. त्याचा धाकटा भाऊ त्याच गावच्या शाळेत बसलेला असे, त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. याचे कारण क्रूरपणा नव्हे, हिशेब आहे. इंग्लंडला नाकारलेल्या तरुणाच्या जागी दुसरा तरुण सहज मिळेना. येथे एक नाकारला तर दारात आणखी दहा उभे. युद्धाअखेर हिंदी सैन्य पंचवीस लाखांच्या घरात गेले ते सक्तीवाचून. ज्या राज्याला निवड करण्यास एवढा वाव आहे, त्याला मुलांची शरीरे सुधारण्याची निकड कशी वाटावी? अहवाल हे विचारीत नाही. तो इंग्लंडची फळे मोजतो, मुळांची चौकशी करीत नाही.

आणि उपचार म्हणावा, तर युद्धाने तोही हिरावून घेतला होता. जगातील क्विनीनचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग जावा बेटातून येई. मार्च १९४२ मध्ये जावा जपानच्या हाती गेले आणि हिवतापाचे एकमेव खात्रीचे औषध सोन्याच्या मोलाचे झाले. पर्यायी कृत्रिम औषध निघाले होते, पण त्याचा पहिला हक्क सैन्याचा. नॉर्वेतून येणारे कॉड माशाचे तेल १९४० पासून आटले. त्याची जागा पुढे आपल्या किनाऱ्यावरच्या मुशीच्या यकृताच्या तेलाने काहीशी भरून काढली. ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला, धान्याची टंचाई आली. डॉक्टर तर आधीच विरळ. भोर समितीच्या हिशेबाप्रमाणे देशात ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, ४३,००० माणसांमागे एक परिचारिका. त्यांतले पुष्कळसे डॉक्टर शहरांत, आणि तरुण होते त्यांना सैन्य बोलावीत होते. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूज आणि इस्लामपूर येथे मोर्चांवर गोळीबार झाला, आणि पुढील काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा अंमल गावोगाव बसला. जेथे तलाठ्यालाही चावडीत निर्धास्त बसवेना, तेथे सरकारी डॉक्टराने शाळा तपासीत हिंडावे ही अपेक्षा दिल्लीत बसूनच करता येते.

येथे एक कडू गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. शाळेतल्या मुलांना डॉक्टर अगदीच शिवत नसत असे नाही. देवी काढणारा येई. त्याला पाहून निम्मी शाळा खिडकीतून पळून जाई. आणि हिवतापाची पाहणी करणारे येत. प्रदेशात हिवताप किती आहे हे ठरविण्याची शास्त्रीय रीत अशी, की दोन ते दहा वर्षांच्या मुलांच्या डाव्या बरगडीखाली बोटे घालून पानथरी वाढली आहे का ते चाचपावे आणि शेकडा प्रमाण काढावे. रीत उत्तम आहे, तिने पुढे मोठे काम झाले. पण त्या मुलाच्या बाजूने पाहा. वाढलेली पानथरी हाताला लागली, वहीत एक रेघ पडली, पुढचे मूल आले. तपासणी झाली ती प्रदेशाची. मूल हे केवळ मोजण्याचे साधन.

सांगली संस्थानातल्या मुलाचे भाग्य काहीसे बरे, असे कोणी म्हणेल, कारण शेजारी मिरज होते. विल्यम वॉन्लेस यांनी तेथे १८९४ साली मिशनचे रुग्णालय उघडले. त्यांच्यामागे डॉक्टर व्हेल यांनी ते चालविले. शस्त्रक्रियेसाठी दूरदूरचे रोगी आगगाडीने मिरजेस येत, आणि क्षयरोग्यांसाठी वॉन्लेसवाडीचे आरोग्यधामही होते. या कार्याची थोरवी मी कमी लेखीत नाही. परंतु रुग्णालय कितीही नामांकित असो, ते दारात आलेल्याला बरे करते. शालेय तपासणीची सारी कल्पनाच उलट आहे: जे मूल आपण आजारी आहोत हे जाणत नाही, ज्याच्या आईला खरूज हा बालपणाचाच भाग वाटतो, त्याच्याकडे वैद्याने चालत जावे. मिरजेपासून दहा कोसांवरच्या मुलाला मिरज तेवढेच दूर होते जेवढे लंडन.

आता राजेसाहेबांचे पुस्तक. ते हाती घेताना आजचा सुशिक्षित वाचक किंचित हसतो, आणि हे हसू मला अन्यायाचे वाटते. बाळासाहेब पंत हे चित्रकार, कीर्तनकार, संग्राहक. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला राज्यघटना देणारे. सूर्यनमस्कार हा त्यांचा छंद नव्हता, निष्ठा होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या देहावर आयुष्यभर चालवून दाखविली. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. पुस्तकाची भाषा स्वच्छ आहे, आज्ञा थोड्या आहेत, उदाहरणे घरातली आहेत. आहाराविषयीही त्यांचे विचार त्या काळच्या मानाने शहाणपणाचे आहेत. सर्वांत मोठी गोष्ट ही, की त्यांच्या उपायाला पैसा लागत नाही, डॉक्टर लागत नाही, आगबोट लागत नाही. युद्धात क्विनीन संपले. नमस्कार संपले नाहीत.

तथापि टीकाकाराने येथे थांबून चालणार नाही. राजेसाहेबांच्या पुस्तकाचा नायक स्वतः राजेसाहेब आहेत. जो उपाय आपल्याला लागू पडला तो सर्वांना लागू पडेल, हा त्यांचा सिद्धान्त, आणि त्यात जेवलेले शरीर गृहीत धरलेले आहे. ज्याच्या रक्ताचा अर्धा भाग आकडीजंतांनी शोषला आहे, ज्याने सकाळी शिळ्या भाकरीचा तुकडा खाल्ला आहे, त्या पोराला पंचवीस नमस्कार घालावयास लावणे म्हणजे रिकाम्या पिशवीतून खर्च करविणे होय. दूध व पालेभाज्या खाव्यात हा उपदेश खराच. परंतु माणदेशात दुष्काळाच्या वर्षी पालेभाजी कोठली? आरोग्य ही कर्तव्याची बाब आहे असे एकदा मानले, की आजारी मूल हे आळशी मूल ठरू लागते. राजेसाहेबांच्या दयाळू मनाला हे कधीच रुचले नसते. पण त्यांच्या युक्तिवादाची वाट तिकडेच जाते.

आणि तरीही, सार्जंट व भोर यांना जे सुचावयास हवे होते ते नकळत औंधात घडलेले होते. भोर समितीचा रोख असा, की डॉक्टर अपुरे असल्यामुळे शिक्षकालाच थोडे वैद्यकीय शिक्षण देऊन मुलांवरची रोजची देखरेख त्याच्याकडे सोपवावी. औंधच्या शाळांत असा शिक्षक नमस्कारांच्या वेळी मुलांच्या ओळीसमोर उभा होताच. वाकताना कोणाला दम लागतो, कोणाच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज आहे, कोणाच्या बरगड्या मोजता येतात, कोण खोकतो, हे सारे त्या ओळीत उघड दिसते. शहरातल्या शालेय डॉक्टराला वर्षातून एकदा जे पाहण्यास मिळे, ते या गुरुजीला शाळा भरेल तितक्या वेळा दिसण्याजोगे होते. त्याच्या हातात गंधकाचे मलम, जंताचे औषध आणि मिरजेस मूल धाडण्याचा अधिकार असता, तर नमस्कारांची ती ओळ हीच देशातील उत्तम शालेय तपासणी ठरली असती. राजाला व्यायाम दिसला, समितीला तपासणी दिसली. दोघांनी एकमेकांचे कागद पाहिले नाहीत.

'बनगरवाडी'त हीच गोष्ट कथेच्या रूपाने येते, आणि म्हणून मी ती या दोन ग्रंथांच्या पंक्तीस बसविली. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो. मुले मेंढरांमागे जातात, शाळा ओस. कारभाऱ्याचे मन वळवून तो ती हळूहळू भरवितो. मग त्याच्या मनात येते, वाडीत तालीम बांधावी. लोक स्वतःच्या श्रमाने ती उभी करतात आणि साक्षात राजेसाहेब तिच्या उद्घाटनास येतात. राजाचा व्यायामाचा ध्यास वाडीपर्यंत कसा पाझरला होता, याचा यापेक्षा बोलका पुरावा कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. तालमीऐवजी दवाखान्याची खोली बांधावी हा विचार कथानकात येत नाही. आणि माडगूळकरांनी तो आणला असता तर कादंबरी खोटी झाली असती. वाडीपाशी दगड होते, माती होती, हात होते. एवढ्यातून तालीम होते. परिचारिका होत नाही, क्विनीन होत नाही. खेडे स्वतःच्या बळावर काय करू शकते आणि कोणत्या क्षणी बाहेरच्या राज्याने पुढे यावेच लागते, याची सीमारेषा लेखकाने एकाही वाक्याने न सांगता आखून दाखविली आहे. पुढे पाऊस दगा देतो, वाडी उठून जगावयास बाहेर पडते. तालीम राहते, तीत उतरणारी पोरे राहत नाहीत. व्यायामाआधी अन्न, हे राजेसाहेबांना द्यावयाचे उत्तर त्या रिकाम्या वाडीनेच दिले आहे.

माडगूळकरांच्या संयमाची येथे विशेष तारीफ करावीशी वाटते, कारण आपल्या वाङ्मयात मूल आजारी पडते ते बहुधा मरण्यासाठी. दिवा मंद होतो, आई देवापुढे बसते, आणि वाचकाचा रुमाल ओला होतो. खरूज, जंत, रातांधळेपणा, वाहता कान यांनी कोणी वाचक रडत नाही; म्हणून लेखक त्यांच्या वाटेस जात नाहीत. पण शाळेतल्या मुलाचे खरे दुखणे हेच असते. त्याने ते मरत नाही, वर्षानुवर्षे मागल्या बाकावर बसून राहते आणि गुरुजी त्याला ढ म्हणतात.

सार्जंटची चाळीस वर्षे १९८४ साली सरली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके मोटारीने शाळेपर्यंत जाऊ लागली, दोष आढळलेल्या मुलाला पुढे धाडण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्रे योजली गेली. शाळेत दुपारचे जेवण शिजू लागले, जे १९४४ च्या मुलाने स्वप्नातही पाहिले नसेल. हे सारे स्वागतार्ह आहे. पण वाडीवरून जिल्ह्याच्या गावी मूल घेऊन जाणाऱ्या बापाची त्या दिवसाची मजुरी बुडते, हा हिशेब तेव्हाच्या प्रकरणात नव्हता आणि आजच्या पत्रकातही त्यासाठी रकाना नाही. सार्जंट अहवालाचे ते प्रकरण कोणी मराठीत आणावे अशी माझी सूचना आहे. भाषांतरकाराची एक अडचण मात्र आधीच दिसते. दोष सापडल्यावर मुलाची पाठ न सोडता तो बरा होईपर्यंत पाहणे, या अर्थी त्यात जो इंग्रजी शब्द आला आहे, त्याला आपण 'पाठपुरावा' म्हणू. हा शब्द आपल्या कचेऱ्यांत कागदासाठी वापरला जातो. मुलासाठी तो वापरलेला मी अद्याप कोठे वाचलेला नाही.